कळी पडेपर्यंत

कौल लावताना गुरवानं घाई करायची नसते, हे निवळसड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देवाच्या पाषाणावर तगरीच्या कळ्या पाण्यानं चिकटवायच्या, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प बसायचं. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. विहीर कुठं खणायची, मुलगी त्या घरी द्यायची का, मुंबईला गेलेला भाऊ वाटणीला येईल का, सगळं त्या कळ्यांवर. आणि एकदा का कळी पडली की विषय संपला. तोच प्रश्न परत विचारणं म्हणजे देवाला तोंडावर खोटारडा म्हणणं.

दत्ताराम गुरव, म्हणजे साऱ्या गावाचे अण्णा, हे काम मिसरूड फुटल्यापासून करत आले होते. त्यांची एकुलती एक लेक समिधा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सापाचं विष ओळखणारी पट्टी बनवत होती. बाप कळ्या वाचतो आणि लेक रेघा वाचते, असं गावातले टवाळ म्हणायचे. समिधाला ते इतकं आवडलं, की तिनं आपल्या पट्टीचं नावच 'कौल' ठेवलं. तिथंच माशी शिंकली. पण हे कळायला एक जीव जावा लागला.

पट्टी दिसायला साधी, काडेपेटीएवढी. बोटाला टोचायचं आणि रक्ताचा थेंब उजव्या टोकाच्या खळग्यात सोडायचा. आतल्या कागदातून तो डावीकडे सरकत जातो. वाटेत चार खिडक्या: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. प्रत्येक खिडकीखाली त्या त्या सापाचं विष पकडून धरणारे प्रतिपिंड बसवलेले. ते उंटाच्या रक्तात सापडणाऱ्या चिमुकल्या प्रतिपिंडांवरून घडवलेले होते, त्यामुळे वैशाखातल्या पत्र्याच्या घरातही ते खराब होत नसत आणि फ्रीज लागत नसे. विष असेल तर ते तिथं अडकतं आणि लाल रेघ उमटते. शेवटी अगदी डावीकडे पाचवी खिडकी. तिथली रेघ नेहमीच उमटते, कारण तिचा विषाशी काही संबंध नाही. रक्त या टोकापर्यंत पोचलं, पट्टी बिघडलेली नाही, एवढंच ती सांगते.

या काडेपेटीनं सर्पदंशाची सगळी रीतच बदलून टाकली होती. पूर्वी घोड्याच्या रक्तापासून केलेली, चारही सापांवर चालणारी एकच लस असायची. ती कुणाकुणाला बाधायची, आणि डॉक्टर ती द्यायला कचरायचे. आता टाक्यांत वाढवलेल्या, एकेका सापासाठी नेमक्या लसी आल्या होत्या. गुणाला पक्क्या, पण मोजक्याच. म्हणून त्या जिल्ह्याच्या शीतगृहात एकाच जागी ठेवलेल्या. पट्टीवर विषाची रेघ उमटली की फोनचा कॅमेरा ती वाचायचा, आणि त्या सापाची लस घेऊन ड्रोन सुटायचा. डोंगर, खाडी, खचलेला रस्ता, कशाचं म्हणून काही अडत नव्हतं. सरकारी नियम मात्र सक्त होता: रेघ नाही तर लस नाही.

गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवायला समिधा स्वतः कोकणभर फिरली होती; निवळसड्यात ते काम अण्णांकडेच होतं. ती पाचवी रेघ कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी तिला युक्ती सुचली. ती म्हणाली, "नुसती डावी रेघ आली तर डावा कौल, विष नाही. उजवीकडेही आली तर उजवा, विष आहे. डावा आला तरी तासाभरानं आणि मग तीन तासांनी नव्या पट्टीवर पुन्हा थेंब घ्यायचा." लोकांचे चेहरे एकदम उजळले. समिधा खूश झाली. पहिली दोन वाक्यं लोकांनी काळजात कोरून घेतली. तिसऱ्याचं काय झालं, ते तिनं कधी विचारलंच नाही.

*

"शेवंती बाळाराम घवाळी," सबनीस मॅडमनी पडद्यावरचं वाचून दाखवलं. "निवळसडा. काजूच्या बागेत पायाला दंश. पट्टीवर विषाची रेघ नाही. तिसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू. कारण, अन्य."

"अन्य म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे साप नाही. रक्तदाब असेल, आणखी काही असेल." सबनीस मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख. माणूस म्हणून सरळ, पण पंधरा वर्षं एकाच कामाला जुंपून घेतलेली बाई. "समिधा, बुधवारी मंत्रालयात सादरीकरण आहे. मंजुरी मिळाली की पट्टी राज्यभर जाईल. शिजेपर्यंत दम धरवला, आता निवेपर्यंत धरवत नाही, असं करू नकोस."

"ती आमच्या वाडीतली आहे. तिची पट्टी अण्णांनी वाचली होती."

मॅडमनी पडद्यावरची नोंद बंद केली. मग म्हणाल्या, "जाऊन ये. पण बुधवारी मला तू इथं हवीस."

*

समिधा एसटीतून उतरून कातळाच्या सड्यावर चढली तेव्हा अण्णा पडवीत बसून समया घासत होते. आई गेल्यापासून घरातली भांडीही तेच घासत. एरवी लेकीला लांबून बघितल्यावर ते उठून अंगणाच्या कडेला यायचे. या वेळी मान वर झाली नाही.

"आलीस? चा ठेव स्वतःला."

समिधा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "अण्णा, शेवंतीवहिनीचं काय झालं, मला नीट सांगा."

"सांगण्यासारखं काय आहे. सकाळी आली बाळारामाबरोबर. म्हणाली, पाल्यात कायतरी चावलं. मी थेंब घेतला. डावा आला. म्हटलं, विष नाही, घरी जा. गेली." राखेनं भरलेला हात थांबला. "तिसऱ्या दिवशी इस्पितळातनं फोन आला. बाळाराम माझ्याशी बोलत नाही आता. देवळात येतो, पायरीला हात लावतो नि जातो."

"दुसरा थेंब किती वाजता घेतलात?"

"दुसरा कसला?"

"तासाभरानं घ्यायचा तो. फोनवर आठवण येते की."

"तो फोन ओरडला होता. बंद केला मी. तो कशालाही ओरडतो." आता अण्णांनी मान वर केली, आणि त्यांचा आवाज चढला. "डावा आल्यावर दुसरा थेंब कशाला गो? देवानं नाही म्हटल्यावर परत विचारायला तो काय बाजारातला मासळीवाला आहे, परत विचारलं की भाव उतरवील?"

समिधानं स्वतःच शिकवलेलं वाक्य बापाच्या तोंडून ऐकू येत होतं. काजूच्या पाल्यातला चावा आणि शेवटी रक्तस्राव, म्हणजे ते फुरसंच. फुरशाचं विष लगेच रक्तात मिसळत नाही. कातळात पाणी मुरावं तसं ते पायाच्या मांसात मुरतं आणि सावकाश झिरपत राहतं. पहिल्या थेंबात ते सापडलं नाही म्हणून माणूस सुटला असं होत नाही, आणि दुसरा नि तिसरा थेंब त्यासाठीच होता. नुसती डावी रेघ म्हणजे 'अजून काही दिसलं नाही'. अण्णांनी ती देवाचा नकार म्हणून वाचली, कारण लेकीनं तिला डावा कौल म्हटलं होतं.

ती आत जाऊन लॅपटॉप उघडून बसली. राज्यभरातल्या नोंदी तिच्याकडे होत्याच, पण या नजरेनं त्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. विदर्भात, मराठवाड्यात पहिली पट्टी कोरी आली की लोक दुसरा थेंब घेत होते, बरेच जण तिसराही. कोकणात, जिथं जिथं देवळात कौल लागतो त्या गावांत, दुसरा थेंब जवळजवळ कुणीच घेतलेला नव्हता. पुष्कळदा साप चावतो पण विष सोडत नाही, त्या कोरड्या चाव्यांमुळे सगळं झाकून गेलं होतं. माणसं घरी जात होती आणि बरी राहत होती. शेवंतीला चावलेल्या फुरशानं मात्र विष सोडलं होतं.

तिनं मॅडमना फोन लावला.

"मग पुन्हा प्रशिक्षण देऊ," मॅडम म्हणाल्या. "बजावून सांगू की दुसरा थेंब सक्तीचा."

"नाही जमायचं, मॅडम. मीच बजावलं होतं. पिढ्यान् पिढ्या मुरलेलं माझ्या एका वाक्यानं जात नाही. पट्टीच बदलायला हवी."

"आता? आणि तोवर लोकांना काय द्यायचं? ही पट्टी थांबवली तर आधीसारखी माणसं वाटेत मरतील. ते तुला चालेल?"

तेही खरं होतं. इकडे आड तिकडे विहीर. समिधानं फोन ठेवला. बाहेर अण्णा समईला चिंच लावत होते. त्यांना जाऊन सांगायचं, की अण्णा, तुम्ही शेवंतीला अर्धवट उत्तर देऊन घालवलंत. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिची जीभच रेटेना. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

*

सकाळी अण्णा कळ्या खुडायला देवळामागच्या गडग्याकडे गेले. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, नुसती रचलेली बुटकी भिंत. तिच्या भेगांत फुरशी असतात हे अण्णांना माहीत नाही असं नाही. पण डोकं ठिकाणावर नव्हतं आणि पायात चप्पलही नव्हती.

ते आले ते शांतपणे. पायरीवर बसले, कळ्यांची परडी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पट्टी आण गो. फुरसं लागलं वाटतं. कुरकुर आवाज केलान नि सटकलं."

समिधानं अण्णांना पडवीत आडवं केलं, पाय हलू नये म्हणून फळीला सैलसा बांधला, घोट्याजवळच्या दोन टाचणीएवढ्या खुणा पाहिल्या. बोटाला टोचून थेंब घेतला. कागद डावीकडे ओला होत गेला. चार खिडक्या कोऱ्या राहिल्या. पाचवीत रेघ आली.

"डावा," अण्णा म्हणाले आणि उठायला लागले.

"झोपून राहा. तासाभरानं परत घ्यायचाय."

"मी नाही घेणार."

"अण्णा—"

"झाला एकदा कौल."

तिनं समजावलं, चिडली, हातही जोडले. अण्णा छताकडे बघत राहिले. गावात बातमी पसरायला असा किती वेळ लागणार, घटकाभरात अंगणात सात-आठ माणसं जमली. तालुक्याला नेऊ या, टेम्पो काढतो, असं एकजण म्हणाला. पण तालुक्याला आता लस ठेवतच नव्हते. रेघ उमटल्याशिवाय जिल्ह्याहून काही सुटणार नव्हतं, मग अण्णांना पडवीत ठेवा की इस्पितळात. उलट खड्ड्यांतून पाय हलवत न्यायचा म्हणजे विषाला वाट करून द्यायची.

समिधाच्या पिशवीत एक बारकी कुपी होती. पट्ट्या तपासायला लागणारं फुरशाचं विष, खूप पातळ केलेलं. त्यातला एक थेंब पट्टीवर टाकला असता तर लाल रेघ उमटली असती आणि ड्रोन निघाला असता. तिनं कुपी हातात घेतलीसुद्धा. मग तिला वाटलं, बापानं आयुष्यात कुणाला खोटा कौल दिला नाही. आणि खरंच कोरडा चावा असला तर याच जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या वाटणीची लस इथं वाया जाईल. आपण एकदा खोटी रेघ काढली तर यापुढं एकाही रेघेवर कुणी विश्वास का ठेवावा? तिनं कुपी परत ठेवली आणि बापाच्या उशाशी जाऊन बसली. बाप का अडून बसलाय, ते तिला आता कळलं होतं. दुसऱ्या थेंबात रेघ आली तर शेवंतीच्याही आली असती. ते बघण्यापेक्षा अण्णांना मरण सोपं वाटत होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "लहानपणी विचारायची तसं विचारू?"

अण्णांनी मान तिच्याकडे वळवली.

"कळी लावली नि पडलीच नाही तर?"

"तर बसायचं," अण्णा सवयीनं म्हणाले.

"किती वेळ?"

"पडेपर्यंत. तुझ्या जन्माच्या आधी एकदा उन्हं कलेपर्यंत बसलो होतो. सगळा गाव बसला होता. कुणी पाणी प्यायला उठला नाही."

"आणि मधेच उठलं तर?"

"मग तो कौलच नव्हे."

समिधानं पिशवीतून औषधाची चिकटपट्टी काढली. एक तुकडा फाडून नव्या पट्टीच्या पाचव्या खिडकीवर घट्ट चिकटवला आणि ती अण्णांच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही डावी रेघ कळी नव्हे, अण्णा. कळी चिकटवायला तुम्ही पाषाणाला पाणी लावता ना, तेवढाच तिचा अर्थ. पाणी लागलं, एवढंच. तिला डावा कौल मी म्हटलं. लोकांना पटकन कळावं म्हणून, माझी पट्टी गावोगाव चालावी म्हणून. तुम्ही शेवंतीवहिनीला घरी पाठवलंत तेव्हा कळी पडलेलीच नव्हती. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी काय सांगितलं असतं? डावा म्हणजे नाही, हेच. चूक माझी आहे. तुम्ही माझं ऐकलंत."

अंगणाच्या कडेला, आंब्याच्या बुंध्याशी बाळाराम घवाळी उभा होता. तो कधी आला, कुणाला कळलं नव्हतं.

"म्हणजे," तो तिथूनच म्हणाला, "शेवंतीला इथं असंच बसवून ठेवलं असतं तर?"

समिधाला त्याच्याकडे बघवेना, पण तिनं बघितलं. "तर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या थेंबाला रेघ आली असती, बाळादादा. लस आली असती. बहुतेक वाचली असती."

बाळाराम वळून जाईल असं सगळ्यांना वाटलं. तो आला, पायरीवर बसला आणि गुडघ्यांभोवती हात बांधून घेतले.

"घ्या अण्णा," तो म्हणाला. "मी बसलोय."

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. त्यांनी बोट पुढं केलं.

*

दुसरा थेंब सरकला. चारही खिडक्या कोऱ्या.

"काय दिसतं?" समिधानं विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मग बसायचं," अण्णा म्हणाले, आणि अंगणातल्या माणसांनीही बसून घेतलं. कुणी बिडी शिलगावायला निघाला तर बाळारामानं त्याच्याकडे असं बघितलं की तो परत खाली बसला. ऊन अंगणातून पडवीत आलं. पाय सुजला, पण फारसा नाही. समिधाच्या मनात पाल चुकचुकत होतीच: कोरडाच असला तर? तर बरंच, पण मग या माणसांना सांगितलेलं खरं आहे हे त्यांना कशावरून पटावं? स्वतःच्या बापाच्या अंगात विष निघावं असं क्षणभर वाटून गेलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या थेंबाची वेळ झाली तेव्हा अण्णांनी चूळ भरली. पिकदाणीत पाणी गुलाबी पडलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

तिसऱ्या पट्टीलाही तिनं चिकटपट्टी लावली. बोट टोचलं. थेंब सरकला: नाग, मण्यार, घोणस. फुरशाच्या खिडकीत आधी काहीच नव्हतं. मग गुलाबी सावली आली, मग ती बारीक झाली, गडद झाली, आणि रेघ झाली.

"उजवा," अण्णा पुटपुटले. त्यांनी डोळे मिटले. "माझ्या शेवंतीला मधेच उठवलं रे मी."

समिधानं फोन रेघेवर धरला. कॅमेऱ्यानं ती वाचली आणि पडद्यावर हिरवी खूण आली. ड्रोनची घरघर सड्यावरून ऐकू येईपर्यंत बाळारामानं अण्णांचा पाय दोन्ही हातांत स्थिर धरून ठेवला होता. बोलावून घेतलेल्या उपकेंद्राच्या सिस्टरनं लस टोचली आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग समिधा मागच्या दारी गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. शेवंतीच्या पायाला असा हात लावायला कुणीच नव्हतं, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

*

बुधवारची बैठक तिनं जिल्ह्याच्या इस्पितळातल्या जिन्यावर बसून, फोनवरूनच केली. वरच्या मजल्यावर अण्णा पेज पीत होते. पडद्यावर अधिकारी, त्यांच्या शेजारी सबनीस मॅडम.

"पहिली गोष्ट," समिधा म्हणाली, "शेवंती घवाळी यांच्या नावापुढचं 'अन्य' खोडा. फुरशाचा दंश आणि पट्टी चुकीची वाचली गेली, असं लिहा. चुकीची शिकवली मी, तेही लिहा."

एक अधिकारी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "म्हणजे तुम्ही स्वतःच्याच पट्टीची मंजुरी थांबवायला सांगताय?"

"पट्टी थांबवू नका. आज ज्या पट्ट्या गावोगाव आहेत त्यांच्या डाव्या खिडकीवर चिकटपट्टी लावायला सांगा. तिसरा थेंब झाल्याशिवाय ती काढायची नाही. ते आज संध्याकाळपासून होईल. राज्यभर जाईल ती मात्र नवी पट्टी असेल. एकाच पट्टीत तीन खळगे, तीन थेंबांसाठी. तिसरा थेंब पडेपर्यंत डावी रेघ उमटूच शकणार नाही अशी. तोपर्यंत खिडक्या कोऱ्या राहतील, आणि कोरं म्हणजे थांबायचं."

"तीन तास? खेड्यातला माणूस कामधंदा सोडून तीन तास बसेल होय?"

"आमच्याकडे बसतात, साहेब. बसायची सवय आहे. ती मोडायला मीच निघाले होते."

सबनीस मॅडमनी चष्मा काढून पुसला. पंधरा वर्षांचं काम आणखी वर्षभर लांबणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या म्हणाल्या, "चिकटपट्टीचं पत्रक मी आजच काढते. समिधा, तू खळग्यांच्या कामाला लाग."

*

काम सोपं नव्हतं. तिसऱ्या थेंबापर्यंत डाव्या रेघेचा रंग अडवून धरायचा म्हणजे कागदात साखरेचे थर घालायचे, आणि ते कोकणातल्या दमट हवेत आधीच विरघळायचे. पहिले तीन घाणे फुकट गेले. मॅडम वैतागल्या, समिधा वैतागली, दोघी एकमेकींशी दोन दिवस बोलल्या नाहीत. साखर सोडून कोकमाच्या बियांतलं तेल वापरून बघू, असं समिधाच्या डोक्यात आलं. ते आधी लॅबमधल्या दमट पेटीत टिकलं, मग निवळसड्यातल्या पडवीतही टिकलं.

काजूच्या पुढच्या हंगामात नव्या पट्ट्यांची पेटी गावात आली. अण्णा आता जरा लंगडत. त्यांनी पेटी देवळात नेऊन देवापुढे ठेवली आणि गाऱ्हाण्याला उभे राहिले. मंडपात गाव जमलं होतं. समिधा खांबाला टेकून उभी होती.

"बा देवा महाराजा," अण्णांनी सुरू केलं, "ही पेटी आज तुझ्या पायाशी आणली आहे. तुझ्या गावातल्या लेकरांना हिची राखण होऊ दे रे महाराजा."

"होय महाराजा," गाव म्हणालं.

"तुझी लेक शेवंती, घवाळ्यांची सून, ती विश्वासानं माझ्या पायरीला आली. मी तिला कळी पडायच्या आधी उठवली. ही चूक माझ्या पदरात आहे, ती माझ्याच पदरात राहू दे रे महाराजा."

अशा गोष्टीला हो कोण म्हणणार? अण्णा हात जोडून थांबले. समिधाला पुढं होऊन, माझ्याही पदरात, असं म्हणायचं होतं, आणि ती म्हणाली. पण आवाज इतका बारीक निघाला की शेजारणीलाच ऐकू गेला असेल.

तेवढ्यात मागून बाळाराम म्हणाला, "होय महाराजा."

मग सगळे म्हणाले. अण्णांनी पेटी उचलली आणि कुणाला न विचारता बाळारामाच्या हातात दिली. आता यापुढं पट्टी मी वाचणार नाही, मी शेजारी बसेन, एवढंच ते बोलले.

*

महिन्याभरानं भर दुपारी लॅबमध्ये समिधाचा फोन वाजला. पडद्यावर बाळारामाचा घामेजलेला चेहरा होता, आणि मागं कुणाचा तरी तावातावाचा आवाज.

"चिरेखाणीवरचा मुकादम आहे," बाळाराम म्हणाला. "दगडाखालनं हाताला लागलंय. दोन थेंब झाले, खिडक्या कोऱ्या आहेत. काही नाही, जातो मी, ट्रक भरायचेत, म्हणतो."

"मग तू काय केलंस?"

बाळारामानं फोन वळवला. अण्णा पडवीच्या दारात, उंबऱ्याला लागून, हाताची उशी करून आडवे झाले होते. मुकादम त्यांच्या डोक्याशी उभा राहून शिव्या घालत होता. तिन्हीसांजेला अजून अवकाश होता आणि अण्णांना उठायची मुळीच घाई दिसत नव्हती.

"जायचं तर माझ्या अंगावरनं जा, म्हणालेत अण्णा," बाळाराम म्हणाला. "नि गुरवाला ओलांडायची त्याची छाती नाही. तू तुझं काम कर. इथनं कुणी हलत नाही."